अव्वाचं बटन

‘चौकटीतली चांदणी’ ही दुपारची मालिका अखेर बंद पडली, आणि ती मुरुम गावच्या रुद्रेशनं बंद पाडली.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. मालिका छान चालू आहे. तिची नायिका आरोही भर पावसात सासरच्या दारात उभी आहे, सासू आतून कडी काढत नाही, आणि नवऱ्याची स्मृती दुसऱ्यांदा गेलेली आहे. म्हणजे सगळं सुरळीत आहे. रुद्रेशही निर्दोष आहे. बी.एस्सी. होऊन तो बसस्टँडसमोर मित्राच्या मोबाईलच्या दुकानात बसतो, फुटलेल्या काचा बदलतो, आणि अंथरुणाला पाठ लागली की घोरायला लागतो. मनात काही सलत असलं की माणसाला असं घोरता येत नाही, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं.

घरात माणसं चार. आजोबा बंडप्पा, त्यांना घरच काय, सगळी गल्ली अज्जा म्हणायची. वडील सिद्धेश्वर, जे सकाळी मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जायचे ते दिवेलागणीला परत यायचे, त्यामुळं या गोष्टीत ते कुठंच भेटणार नाहीत. आई शिवगंगा, म्हणजे अव्वा. आणि रुद्रेश.

अव्वाचा दिवस भाकरीच्या पिठात हात घालून सुरू व्हायचा आणि खरकट्या भांड्यांत संपायचा. मधे अज्जांच्या पूजेची तयारी, वडिलांचा डबा, रुद्रेशचा हरवलेला मोजा, दळण, वाळवण आणि आल्यागेल्याचा चहा. पण दुपारी दोनला ती सुपात तूर घेऊन मधल्या खोलीत टीव्हीसमोर बसायची, आणि अर्धा तास तिला कुणी हाक मारायची नाही, असा घराचा कायदा होता. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला तिनं आरोहीचं डोहाळजेवण उरकेपर्यंत उन्हात उभं केलं होतं. त्या अर्ध्या तासात ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी सुनेचे हाल निवांत बघत बसलेली एक बाई होती.

अज्जा त्या वेळी ओसरीवर आडवे व्हायचे किंवा मठाच्या कट्ट्यावर जायचे. मधल्या खोलीत सून बसलेली असताना ते आत पाय टाकत नसत, आणि ते आत असले तर अव्वा तिथं बसत नसे. तिच्या लग्नापासून हे असंच चाललेलं. कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळं मोडणारही कुणी नव्हतं.

अव्वाच्या जोडीला शेजारची महेश्वरी यायची. ती लग्न होऊन कलबुर्गीकडून आलेली. येताना तिला मराठी अजिबात येत नव्हतं; जे आलं ते सगळं या मालिकेतून. त्यामुळं कोथिंबिरीची जुडी बारीक निघाली की ती भाजीवाल्याला ठणकावायची, “हा अन्याय मी कदापि सहन करणार नाही!” भाजीवाला घाबरून दोन जुड्या द्यायचा. एकूण मालिकेचा सगळ्या गल्लीला फायदा होता.

तर अशा या घरी एक दिवस सोलापूरहून मल्लिनाथ नावाचा तरुण एक डबी घेऊन आला. लोक घरोघरी काय बघतात ते मोजणाऱ्या एका कंपनीचा तो माणूस.

“तुमचं घर निवडलं गेलंय,” तो म्हणाला.

“घरकुलात?” अज्जांनी विचारलं.

“नाही, मोजणीत. तुमच्या घरात जे बघतील, तेच हजारो घरं बघतात असं धरलं जाणार.”

“मग त्या घरांनी काय बघायचं?”

“त्यांनी त्यांना पाहिजे ते बघावं की. धरायचं तुमचं.”

अज्जांना ही पद्धत एकदम पटली. ग्रामपंचायतही अशीच चालायची, असं ते म्हणाले.

मल्लिनाथनं डबी टीव्हीला जोडली आणि एक छोटा रिमोट दिला. प्रत्येक माणसाचं एक बटन. एक नंबर अज्जांचं, दोन अव्वाचं, तीन वडिलांचं, चार रुद्रेशचं. बघायला बसलं की आपलं दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. डबीवर त्या त्या नंबरचा दिवा लागतो आणि विझतो. पाहुण्यांसाठी वेगळं बटन, पण ते दाबलं की पाहुण्याचं वय घालावं लागतं. अव्वानं ते बटन त्याच क्षणी मनातून काढून टाकलं. घरी आलेल्या बाईला चहा विचारतात, वय विचारत नाहीत.

मल्लिनाथनं हे सगळं रुद्रेशला नीट बसवून समजावलं, कारण घरातला टेक्निकल माणूस तो. रुद्रेशनं ते अव्वाला उभ्या उभ्या समजावलं, कारण कॉलेजच्या ग्राउंडवर त्याची मॅच होती आणि बाहेर गाडीवर बसलेला मित्र हॉर्न वाजवत होता.

“बघायला बसलं की बटन दाबायचं. पहिलं अज्जाचं, दुसरं तुझं.”

“पहिलं मामांचं, मग माझं.” सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

“व्हय.”

“म्हंजे ताटावानीच की.”

“तसंच समज,” म्हणून रुद्रेश पळाला. त्या मॅचमध्ये तो शून्यावर बाद झाला. पण त्यासाठी त्याला नंतर कधी वाईट वाटलं नाही.

पुढं बरेच महिने काहीच घडलं नाही. अव्वा नेमानं बटन दाबायची. रिमोट तिनं भिंतीतल्या देवळीत, विभूतीच्या डबीशेजारी ठेवला होता. मग एकदा पुण्याहून एका बाईचा फोन आला. रुद्रेश दुकानात एका मोबाईलची बॅटरी उकरून काढत होता. फोन खांद्यात धरलेला.

“श्री. बंडप्पा हे रोज दुपारी दोनची मालिका नियमित पाहतात, बरोबर ना सर?”

रुद्रेशला त्या वेळी फक्त ‘बंडप्पा’ आणि ‘बरोबर ना’ एवढंच ऐकू आलं. आयुष्यात त्याला पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं.

“व्हय व्हय,” तो म्हणाला. “लई आवडीनं.”

हे ‘लई आवडीनं’ त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. ते त्यानं पदरचं घातलं.

महिन्याभरात कंपनीकडून कुकर आला. नियमित बटन दाबणारं आदर्श कुटुंब म्हणून. अव्वानं कुकरला कुंकू लावलं, आणि मोजणीची गोष्ट कुणाला सांगायची नाही असं मल्लिनाथनं बजावलेलं असल्यामुळं फक्त महेश्वरीला सांगितलं. म्हणजे मुरुमला कळलं.

आणि हळूहळू मालिका बिघडायला लागली.

आधी सासूला चारधामला पाठवलं. ती दरीत वगैरे कोसळली नाही. नुसती परतच आली नाही. मग आरोहीचे सासरे आबासाहेब, जे पहिल्या भागापासून भिंतीवरच्या फोटोत हार घालून होते, ते एका सोमवारी चालत घरी आले. ते मेलेच नव्हते. विहिरीचं काम बघायला गेले होते. आरोहीच्या घरात कुणाला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. आबासाहेब खुर्चीत बसले, त्यांनी गुडघा चोळला, आणि तिथून पुढं मालिका त्या गुडघ्याभोवती फिरायला लागली. आरोही आता दारात उभी राहून रडत नव्हती. ती तेल गरम करून आणत होती आणि आबासाहेब तिला हवामान सांगत होते. खलनायक दीर रणधीर विष कालवायचं सोडून मोटरीचं स्टार्टर दुरुस्त करत होता. मधल्या जाहिरातींत साड्या आणि साबण जाऊन गुडघ्याचं तेल, कानाचं यंत्र आणि पोट साफ करायचं चूर्ण आलं.

“अक्का,” महेश्वरीनं एक दिवस विचारलं, “ह्या आरोहीला नवरा आहे का नाही? तीन हप्ते झाले, नुसता सासऱ्याचा गुडघाच.”

“असंल कुठंतरी आत,” अव्वा म्हणाली. “दुखणं असलं घरात की बाकीचं मागं पडतंय बाई.”

अव्वानं मालिका सोडली नाही. आरोहीवर वाईट दिवस आले असताना उठून जाणं तिला बरं दिसलं नसतं. पण महेश्वरीच्या मराठीवर परिणाम झाला. ती भाजीवाल्याला म्हणायला लागली, “यंदा हवामानाचं काही खरं नाही बघ.” भाजीवाला आता एक जुडीही धड देईना.

डबीचे सेल बदलायला मल्लिनाथ आला, तेव्हा रुद्रेश जेवायला घरी होता. दोघं ओसरीवर चहा पीत बसले.

“एक विचारू का रुद्रेशभाऊ? तुमच्याकडं म्हातारी माणसं लई मालिका बघत्यात काय? वरच्या हापिसात चर्चा हाय. दुपारचं गावाकडचं मोजायला मुळात घरं थोडी. त्यात दोनला तुमच्याकडं एक नंबर लागला त्यो हाललाच न्हाय. पंच्याहत्तर वर्षांचा शेतकरी बाप्या, रोज, न चुकता. च्यानलवाल्यांनी आकडे बघितले, म्हणले आपला माणूस हाच. ह्येला काय पाहिजे ते दाखवा.”

रुद्रेशचा चहा बशीतच राहिला. त्याचा अज्जा त्या क्षणी समोरच्या लिंबाखाली तोंडावर पटका टाकून झोपलेला होता.

मल्लिनाथ गेल्यावर तो हळूच मधल्या खोलीच्या दारात आला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अव्वा पाय पसरून बसलेली, सुपातली तूर थांबलेली, डोळे टीव्हीवर. डबीवर दिवा एकच. एक नंबरचा.

“अव्वा, तू कुठलं बटन दाबलंय?”

“मामांचं.”

“आन् तुझं?”

“त्येंचं झाल्यावर.”

“कदी होतंय त्येंचं?”

“ते कुठं आलेत अजून?” अव्वा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “ते बघतील, उठतील, मग माझं. तूच म्हणलास की, ताटावानी.”

घरात पहिलं ताट अज्जांचं. अज्जा हात धुवून उठल्याशिवाय अव्वानं आजवर तोंडात घास घातलेला नव्हता. ते अणदूरला पाहुण्याकडं अडकले तर ती झाकलेल्या ताटाशेजारी बसून राहायची. हे रुद्रेशनं जन्मापासून बघितलेलं. तेव्हा त्याच्या मनात कधी काही आलं नव्हतं, कारण त्याचं ताट दुसरं असायचं.

“अगं, दोनच दाबायचं. आत्ता दाब.”

“त्येंच्या आदी?”

“मग दोन्ही दाब की एकदम!”

“एका ताटात वाढू व्हय रं सासऱ्याला आन् मला?” अव्वा हसायला लागली. “जा, दुकानाला जा. माझा गुडघा चुकायलाय.”

खरं सांगायचं तर तो एवढंच बोलू शकत होता: ‘अव्वा, तुझ्या बटनामुळं मालिका बिघडली.’ पण त्याच्यामागोमाग बाकीचं यावं लागलं असतं. फोनवरच्या बाईला काय सांगितलं ते. चुकीचं बटन दाबणारं घर मोजणीतून बाद होतं, हेही मल्लिनाथ चहा पिता पिता बोलला होता. म्हणजे डबी जाणार, कुकर कदाचित परत मागतील, आणि सगळ्या मुरुमला कळणार की आदर्श कुटुंब कसलं. रुद्रेशनं विचार केला आणि सगळ्यात सोपं ते केलं. गप्प बसला. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की तो दचकायचा. अंथरुणावर पाठ टेकली तरी घोरणं येईना.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली. ताटाचा नियम असेल तर तो नियमानंच सोडवायचा. अज्जांनी एकदा मालिका बघितली, हात धुतले, उठले, की अव्वाची पाळी लागते. अर्ध्या तासाचा प्रश्न. तो लिंबाखाली गेला.

“अज्जा, चला, टीव्ही बघू.”

“बायका बसल्यात तिथं. म्या कशाला जाऊ?”

“आबासाहेब बैल घ्यायलाय.”

“घिऊ दे.”

“खोंडाचे दात बघायलाय. चुकीचे बघायलाय.”

अज्जांनी तोंडावरचा पटका बाजूला केला. “म्हंजे?”

“वरचे दात मोजायलाय.”

“वर दात असत्यात व्हय बैलाला?” अज्जा ताडकन उठले. “कोण हाय ते येडं?”

ते थेट मधल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. अव्वा विंचू चावल्यासारखी उठली, पदर सावरला, सूप उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. महेश्वरी तिच्या मागून गेली, आणि तिथून मागच्या दारानं घरी गेली. अज्जांना काही कळलंच नाही. ते आबासाहेबांना शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी दोनच्या आधीच अज्जा खुर्चीवर होते. म्हणाले, खोंडाचं पुढं काय झालं एवढंच बघून उठतो. खोंडाचं त्या आठवड्यात काहीच झालं नाही, मालिकाच ती. तिसऱ्या दिवशी मठाच्या कट्ट्यावरचे दोघं म्हातारे आले. अज्जांनी रिमोट हातात घेतला. वय विचारायला त्यांना कसलाच संकोच नव्हता.

“तुला किती रं?”

“ब्याऐंशी आसंल.”

“आन् तुला?”

“ह्येच्याहून मोठा म्या.”

“मग नव्वद घाल रं रुद्रेश. कमी कशाला सांगायचं?”

तिकडं वरच्या ऑफिसात काय झालं असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. प्रेक्षक वाढले, पण कुठल्या बाजूनं वाढले! नव्वदीच्या माणसाला कानाचं यंत्र विकता येत नाही. त्याला ऐकू येत नाही याची सवय झालेली असते. चूर्णवाला गेला, यंत्रवाला गेला. शेवटी गुडघ्याचं तेलच एकटं राहिलं. आणि ज्या बायकांसाठी ही मालिका काढली होती, त्या महेश्वरीसारख्या मागच्या दारानं केव्हाच निघून गेलेल्या.

रुद्रेशला आकड्यांचं एवढं काही वाटत नव्हतं. त्याला वाटायचं ते वेगळंच. डबीवरचा एक नंबरचा दिवा आता खरा झाला होता. मालिकेची मोजणी पहिल्यांदाच बरोबर चालली होती, आणि अव्वा स्वयंपाकघराच्या दारामागं भिंतीला टेकून बसत होती. तिथून टीव्ही दिसत नव्हता. नुसता ऐकू यायचा. अज्जांना एकदाही वाटलं नाही की आपण कुणाची जागा घेतली. ती त्यांचीच होती. अव्वालाही तसं वाटलं नाही. वाटलं ते फक्त रुद्रेशला, आणि त्याला ते कुणाला सांगता येईना.

एकदा संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “आरोहीनं आज कुठली साडी नेसली होती रे?”

रुद्रेशनं बघितलेलीच नव्हती. “हिरवी,” तो म्हणाला.

“काठ?”

“काठ… बारीक.”

“बरी दिसली असंल,” अव्वा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर ती रोज विचारायला लागली. रुद्रेश दुकानातून फोन करून एका मित्राच्या बहिणीला साडीचा रंग विचारायचा. ती म्हणाली, आमी बंद केलं बघायचं, लई कंटाळवाणी झाली. मग तो मनानंच सांगू लागला. जांभळी. मोरपंखी. एकदा घाईत त्यानं चुकून आदल्या दिवशीचाच रंग सांगितला, तेव्हा अव्वा म्हणाली, “बिचारी. एकच साडी दोन दिवस. घरची परिस्थिती उतरली का काय?” आणि रुद्रेशला जेवण गेलं नाही.

बंद होण्याची बातमी महेश्वरीनं आणली. फोन हातात धरून ती मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अक्का, ‘चौकटीतली चांदणी’ प्रेक्षकांचा निरोप घेणार.” तिला हे वाक्य म्हणता आलं, कारण हे तिच्या जुन्या मराठीतलं होतं.

अव्वानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग दुकानाला निघालेल्या रुद्रेशला म्हणाली, “का रे बंद करायलेत?”

“कुणी बघत न्हाय म्हणत्यात.”

“म्या बघत होते की.”

रुद्रेशनं पायातली चप्पल उगाच काढली आणि पुन्हा घातली.

“त्यांना दिसलं न्हाय, अव्वा.”

“डबी होती की दिसायला. माझं काय चुकलं का दाबायचं?”

आता सांगायचं. नेमकी हीच वेळ होती. त्यानं तोंडही उघडलं.

“न्हाय न्हाय. तसलं काय न्हाय. त्या आरोहीचं लग्न ठरलंय. खरंखुरं. म्हणून बंद करायलेत.”

अव्वाचा चेहरा एकदम उजळला. “आसं सांग की मग! बरं झालं. लई सोसलं पोरीनं. मुलगा कसाय?”

“शिकलेला हाय,” रुद्रेश म्हणाला. “सासू न्हाय.”

“देवच पावला,” म्हणत अव्वानं कुकरला हात जोडले, कारण समोर तोच होता.

त्या दिवशी रुद्रेश मठाच्या कट्ट्यावर जाऊन अज्जांशेजारी बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मॅच, ताट, फोन, खोंडाचे दात. अज्जा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “म्हंजे इतके दिस म्या झोपलो व्हतो, तवा बी म्या बघायलो व्हतो?”

“कागदावर.”

“आन् ती बघायली व्हती?”

“ती कुठंच न्हाय.”

“आन् आता म्या खरंच बघायलोय, ते कुणाच्या नावावर?”

“तुमच्याच.”

“म्हंजे माझं दोनदा झालं,” अज्जा म्हणाले. “आन् तिचं एकदा बी न्हाय.” ते काठीनं फरशीवर रेघ ओढत बसले. मग म्हणाले, “तू चुकलास त्ये चुकलासच. पर तिनं इचारलं तवा म्या व्हतो की तिथंच. ‘ताटावानी’ म्हणली. म्या आयकलं. मला ते बरं वाटलं रं.”

शेवटच्या भागाच्या दिवशी अज्जांनी त्या दोघा म्हाताऱ्यांना येऊ दिलं नाही. दोन वाजायच्या आधी ते मधल्या खोलीत आले, खुर्चीवर बसले, टीव्ही लावला, एक नंबर दाबला. जाहिरात लागली होती. एवढी एक गुडघ्याची जाहिरात त्यांनी नीट, शेवटपर्यंत बघितली. मग एक नंबर पुन्हा दाबून दिवा विझवला, मोरीवर गेले, आणि जेवण झाल्यावर धुतात तसे दोन्ही हात धुतले. चूळसुद्धा भरली. अव्वा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

“शिवगंगा,” अज्जा हात पुसत म्हणाले, “माझं झालं.”

“मामा, अजून सुरू बी झालं न्हाय.”

“माझं झालं म्हणलो की. पोट भरलं. तू बस आता.”

ते बाहेर गेले. अव्वा सूप न घेताच आत आली. देवळातल्या प्रसादासारखा तिनं रिमोट दोन्ही हातांनी उचलला, थोडा वेळ नुसता धरला, आणि दोन नंबर दाबला. डबीवर दिवा लागला. रुद्रेश दारात उभा होता. आरोहीनं कुठली साडी नेसली होती हे त्यानं त्या दिवशीही बघितलं नाही. तो दिव्याकडंच बघत होता. मागच्या दारानं महेश्वरी येऊन बसली. तिचं बटन कुणी दाबलं नाही. वय विचारायचा प्रश्न अजून तसाच होता.

शेवटचा भाग सगळ्यांनी घाईघाईत उरकला. नवऱ्याला दोन्ही स्मृती एकदम आल्या. रणधीरनं स्टार्टर हातात धरूनच माफी मागितली. खिडकीच्या बाहेर कट्ट्यावर पाठ करून बसलेल्या अज्जांना काही राहवेना.

“शिवगंगा, आबासाहेबाचं काय झालं गं?”

“फोटोत गेले, मामा.”

“परत?”

“हार बी घातला.”

“आन् खोंड?”

“खोंडाचं काय दाखवलं न्हाय.”

“न्हाय दाखवायचेच ते,” अज्जा म्हणाले. “मुंबईला कुठलं कळायलंय.”

नावं वर सरकायला लागली. अव्वानं दोन नंबर पुन्हा दाबला, दिवा विझला, रिमोट पदरानं पुसून देवळीत ठेवला. कंपनीच्या हिशोबात त्या अर्ध्या तासात गावाकडच्या एका बाईनं पहिल्यांदाच ती मालिका बघायला सुरुवात केली होती. पुढं ती मालिका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोनला अव्वा सूप घेऊन बसली. त्या जागी आता अर्धा तास गुडघ्याचं तेल होतं. तिनं तेही बघितलं, दोन नंबर दाबून, मधनं कधीतरी आरोही येईल म्हणून. रुद्रेश ते बघून दुकानाला गेला. तिथं गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं कॉम्प्युटर लावला आणि तलाठी ऑफिसात चालतो तसला एक अर्ज टाईप करायला घेतला.

प्रति,
मा. मुख्य अधिकारी, प्रेक्षक मोजणी, मुंबई.
(हुद्दा चुकीचा असल्यास योग्य हुद्द्याकडे वर्ग करावा.)

विषय: दुपारच्या पाहण्याचा फेरफार मंजूर होणेबाबत.

महोदय,

अर्जदार सादर करतो की, आपल्या दप्तरी माझे आजोबा श्री. बंडप्पा यांच्या नावे लागलेले दुपारचे पाहणे हे प्रत्यक्षात माझी आई सौ. शिवगंगा यांच्या वहिवाटीत होते. सदर नोंद अर्जदाराच्या घाईमुळे चुकीची झालेली असून, दूरध्वनीवर केलेले ‘लई आवडीनं’ हे विधान अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. नोंद बदलण्यास आजोबांची हरकत नाही; त्यांचा अंगठा सोबत जोडला आहे. मोबदल्यात आलेला कुकर घासून, शिट्टीसह परत करण्यास अर्जदार तयार आहे.

तरी सदर सर्व पाहणे मागील तारखेपासून सौ. शिवगंगा यांच्या नावे लावावे, आणि मधल्या काळात जे भाग त्यांना दारामागून केवळ ऐकावे लागले, ते सर्व भाग आमच्या घरी, दुपारी दोन वाजता, आवाज बंद ठेवून, फक्त साड्या दिसतील अशा रीतीने पुनश्च दाखविण्यात यावेत, ही नम्र विनंती.